स्फटिकप्रासाद आणि त्याचे कंत्राटदार

वास्तू कोणाची, असे विचारले की इतिहास बहुधा आश्रयदात्याचे किंवा वास्तुविशारदाचे नाव सांगतो; कंत्राटदाराचे नाव हिशेबाच्या वहीतच राहते. आधी नकाशा पुरा करावा, मग निविदा मागवाव्यात आणि नकाशाबरहुकूम काम करून घ्यावे, ही रूढ रीत त्याला कारण आहे. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी उभारलेला ‘क्रिस्टल पॅलेस’, म्हणजेच स्फटिकप्रासाद, हा या रीतीचा ठळक अपवाद होय.

प्रदर्शनाच्या इमारत समितीने स्पर्धेसाठी आलेले दोनशेहून अधिक आराखडे नाकारून विटांच्या भिंती व भव्य लोखंडी घुमट असलेला स्वतःचाच आराखडा पुढे केला. हाइड पार्कमधील तात्पुरत्या वास्तूसाठी तो फार अवजड होता. मात्र निविदेत पर्यायी योजना मांडण्यास मुभा होती. चॅट्सवर्थच्या उद्यानात काचगृहे उभारणारे जोसेफ पॅक्स्टन यांनी जून १८५० मध्ये टीपकागदावर एक रेखाटन केले आणि त्याच महिन्यात ‘फॉक्स, हेंडरसन आणि कंपनी’ या कंत्राटदारांचे साह्य घेतले.

त्या रेखाटनाला बांधता येण्याजोगे रूप दिले ते कंत्राटदारांनीच. चार्ल्स फॉक्स यांनी सुमारे सात आठवडे, रोज अठरा तास खपून तपशिलाचे नकाशे काढले. सारी वास्तू चोवीस फुटांच्या मापात बसविल्यामुळे बिडाचे खांब व तुळया एकसारख्या ओतता आल्या. साहित्य कंत्राटदारांकडे परत जाईल, या अटीवर बोली होती ७९,८०० पौंडांची. जागेचा ताबा ३० जुलैला मिळाला, पहिला खांब २६ सप्टेंबरला उभा राहिला आणि करारावर सह्या झाल्या त्या ३१ ऑक्टोबरला! करार होण्यापूर्वीच कंत्राटदारांनी एवढी जोखीम पत्करली होती. १ मे १८५१ रोजी प्रदर्शनाचे उद्घाटन झाले.

तथापि नकाशा घडविणारा आणि किंमत सांगणारा एकच असेल, तर पारख करणारा तिसरा हवा. समितीच्या वतीने ती जबाबदारी विल्यम क्युबिट यांनी सांभाळली. त्याच वर्षी पॅक्स्टन, फॉक्स व क्युबिट या तिघांनाही ‘सर’ हा किताब मिळाला.

पुढे सिडनहॅमला हलविलेली ती वास्तू १९३६ मध्ये आगीत नष्ट झाली. तिचा धडा मात्र उरला आहे. नवे दालन बांधू इच्छिणाऱ्या कोणत्याही संस्थेने बांधणाऱ्याला प्रारंभीच्या विचारविनिमयात बसवावे. मात्र पारखणाऱ्याची जागा रिकामी ठेवू नये.