फासे व संभाव्यता

फाशांच्या खेळात पडू शकणाऱ्या दानांची मोजणी आणि त्यांवरून अपेक्षित फलाचे अनुमान यांचा इतिहास.

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात द्यूत व संख्याज्ञान यांची सांगड आढळते. द्यूतात राज्य गमावलेला नल अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. विदर्भातील कुंडिनपुरास (अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर हे त्याचे स्थान मानतात) जाताना ऋतुपर्ण बेहड्याच्या दोन शाखांवरील फळे २,०९५ असल्याचे न मोजता सांगतो. मोजल्यावर संख्या जुळते. पुढे अश्वविद्येच्या मोबदल्यात तो नलास अक्षहृदय म्हणजे फाशांचे मर्म देतो. बेहड्याची फळे प्राचीन काळी फासे म्हणून वापरीत. तथापि गणनाची रीत आख्यानात दिलेली नाही.

ही रीत सारीपाटाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. त्याच्या लांबट फाशाच्या चार बाजूंवर सामान्यतः १, २, ५ व ६ ठिपके असतात. तीन फासे टाकल्यास ४×४×४ = ६४ समसंभाव्य प्रकार होतात. ‘पौबारा’ (एक व बारा) हे दान १, ६, ६ असे तीन क्रमांनी पडते; म्हणून त्याची संभाव्यता ३/६४. तेरा ही बेरीज मात्र २, ५, ६ यांच्या सहा क्रमांनीही येत असल्याने तिची संभाव्यता ९/६४ ठरते. ६४० वेळा फासे टाकल्यास सुमारे ३० पौबारा अपेक्षित असतात. प्रत्यक्ष संख्या कमीअधिक होते. एका दानाची अपेक्षित बेरीज १०.५ असून ती प्रत्यक्षात कधीच पडत नाही. ती दीर्घकालीन सरासरी होय.

क्रम वेगळे मोजण्याचे महत्त्व गॅलिलीओने सतराव्या शतकाच्या प्रारंभी दाखविले : सहा बाजूंच्या तीन फाशांत ९ ही बेरीज २१६ पैकी २५, तर १० ही २७ प्रकारांनी येते. १६५४ मध्ये पास्काल व फेर्मा यांच्या पत्रव्यवहाराने या शास्त्राचा पाया घातला. हायगेन्झ यांनी १६५७ मध्ये अपेक्षित मूल्याची संकल्पना मांडली.

असे गणन भारतात अपरिचित नव्हते. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) अंकपाश प्रकरणी शून्येतर अंकांच्या, तेरा बेरीज असणाऱ्या पाच अंकी संख्या ४९५ येतात. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटणे येथे आहे. मात्र अंकपाशात हे प्रकार समसंभाव्य मानून त्यांवरून भावी फलाचे अनुमान केलेले नाही. गणन व अनुमान यांचा हा सांधा जुळल्यावरच संभाव्यताशास्त्र निर्माण झाले.