ट्रुमनची पदवी आणि अ‍ॅरिस्टॉटलचं पुनरागमन

१ मे १९५६. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सभेपुढे ठराव होता अमेरिकेचे माजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना मानद पदवी देण्याचा. असे ठराव एरवी बिनबोभाट मंजूर होतात. त्या दिवशी मात्र एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम ही तत्त्वज्ञानाची अध्यापिका विरोधात उभी राहिली. हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब टाकायला संमती देणाऱ्या माणसाचा सन्मान कसला करता, असा तिचा रोखठोक सवाल होता. हेतू साधण्यासाठी निरपराध माणसं ठरवून मारली, तर तो खूनच. युद्ध लवकर संपलं म्हणून तो धुऊन निघत नाही.

ठराव मंजूर झाला. जूनमध्ये ट्रुमन पदवी घेऊनही गेले.

बाईंनी मग स्वतःच एक पुस्तिका छापली. जपानकडे बिनशर्त शरणागतीचा हट्ट धरला तिथेच पाप सुरू झालं, असं त्यात म्हटलं होतं. पुढे मैत्रीण फिलिपा फुट अमेरिकेला गेली आणि तिचे नीतिशास्त्राचे विद्यार्थी अ‍ॅन्स्कमकडे आले. त्यांना शिकवण्यासाठी तिने सिजविक, मूर वगैरे इंग्लिश नीतिचिंतक मंडळी नीट वाचली आणि ती हादरली. परिणाम पुरेसे चांगले असतील तर कुठलंही कृत्य क्षम्य ठरू शकतं, ही वाट तिला त्या सगळ्यांत उघडी दिसली.

१९५८ च्या ‘मॉडर्न मॉरल फिलॉसॉफी’ या निबंधात तिने या वृत्तीला ‘कॉन्सिक्वेन्शियॅलिझम’ असं नाव दिलं. तिचं म्हणणं असं: ‘नैतिकदृष्ट्या केलंच पाहिजे’ ही भाषा आज्ञा देणाऱ्या देवावर उभी होती. देव वगळून ती वापरणं म्हणजे फौजदारी कायदा आणि कोर्टं रद्द करून ‘गुन्हेगार’ शब्द तेवढा शिल्लक ठेवणं. त्यापेक्षा अ‍ॅरिस्टॉटलसारखं न्यायी, धैर्यवान, प्रामाणिक या शब्दांत बोलावं. पण त्याआधी इच्छा, हेतू, कृती म्हणजे काय हे तरी नीट समजून घ्या आणि तोवर नीतिशास्त्र बाजूला ठेवा, असंही तिने बजावलं होतं. पुढच्यांनी हा सल्ला सोयीने अर्धाच ऐकला: अ‍ॅरिस्टॉटल घेतला, थांबणं टाळलं. बरंच झालं म्हणायचं!

या पुढच्यांपैकी एक, तत्त्वज्ञ अ‍ॅलिस्डेर मॅकिंटायर यांच्या ‘आफ्टर व्हर्च्यू’ या पुस्तकात (१९८१) एक सात वर्षांचं हुशार मूल आहे. ते खाऊच्या आमिषाने बुद्धिबळ शिकतं. खाऊ हेच कारण असेल तर लबाडी न करण्याचं कारण त्याच्याकडे नाही. खेळाची गोडी लागली की फसवणूक निरर्थक होते, कारण मग फसतो तो आपणच. सद्गुण अशा सामायिक उद्योगांत मुरतात आणि बाजार व आधुनिक राज्यसंस्था नेमके तेच पोखरतात, हा या माजी मार्क्सवाद्याचा आरोप.

तत्त्वज्ञ मार्था नुसबाम यांनी त्याच अ‍ॅरिस्टॉटलकडून उलटं मागितलं. नागरिकांना चांगलं जगता यावं हे राज्यसंस्थेचं काम, असं वाचून त्यांनी अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांच्यासोबत हेलसिंकीत ‘क्षमता’ हा, म्हणजे माणसाला प्रत्यक्षात काय करता-होता येतं ते पाहण्याचा, विचार फुलवला. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या पहिल्या मानव विकास अहवालातही, संपत्ती हे साध्य नव्हे, ती दुसऱ्या कशासाठी तरी असते, या अ‍ॅरिस्टॉटलच्या म्हणण्याचा दाखला आहे.

एकाच आजोबांचे हे दोन वारस एका पंगतीला बसवणं अवघडच. १९९९ मध्ये नुसबाम यांनी निबंध लिहून सांगून टाकलं, की अशा सगळ्यांना ज्यात कोंबलं जातं तो ‘सद्गुणवादी नीतिशास्त्र’ नावाचा एकसंध पंथ मुळात नाहीच; हे वर्गीकरणच दिशाभूल करणारं आहे.