गवती हॅटचा इतिहास

व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आमच्या नावापुढे हा विषय छापलेला पाहून काही स्नेह्यांना तो मुद्रणदोष वाटला. संघटनेचे काम करणारा माणूस बोनसवर बोलेल, फार तर संपाच्या इतिहासावर बोलेल. त्याचा हॅटशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो आमच्याच एका चुकीतून आला आहे. ती चूक आधी सांगून टाकतो.

दोन उन्हाळ्यांपूर्वी रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या मजुरांसाठी आम्ही उन्हाच्या टोप्या मागितल्या. ठेकेदाराने नाही-होय करता करता पैसे कबूल केले आणि खरेदी आमच्यावर सोपवली. आम्ही बाजारात गेलो आणि दिसायला झोकदार, भावाला हलक्या अशा साठ हॅट उचलून आणल्या. तिसऱ्या आठवड्यात वळवाची सर आली नि हॅटचा लगदा झाला. ते गवत नव्हतेच. पिळलेला कागद होता. डांबराच्या पिंपाशी काम करणाऱ्या एका बाईंनी तो ओला गोळा आमच्या हातात ठेवला, पदर डोक्याला गुंडाळला आणि त्या कामाला लागल्या. बोलल्या काही नाहीत. पूर्वी ताळेबंद वाचायला शिकलो तसेच मग आम्ही या वस्तूकडे वळलो: संध्याकाळी वाचनालयात बसून, शब्दकोश बाजूला ठेवून.

चांगली गवती हॅट कोणती, हे शोधू जाता सगळ्या वाटा एकाच नावाशी येतात: पनामा हॅट. आणि पहिली गोष्ट कळते ती ही, की पनामा हॅट पनामाची नाही. ती दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर या देशाची. त्या देशाच्या समुद्रकाठच्या माणाबी प्रांतात, मोंतेक्रिस्ती आणि हिपिहापा या गावांच्या परिसरात, ती पिढ्यान्‌पिढ्या विणली जाते. तिचे गवतही खरे गवत नव्हे. दिसायला ताडाच्या रोपासारखी, पण ताडाच्या कुळातली नसलेली अशी एक वनस्पती आहे. तिथले लोक तिच्या धाग्याला तोकिया म्हणतात. शास्त्रीय नाव कार्लुदोविका पाल्माता. स्पेनचा राजा चौथा कार्लोस आणि त्याची राणी मारिया लुईसा यांच्या नावांची सांगड घालून शास्त्रज्ञांनी हे नाव ठेवले. राजाराणीने ती हॅट कधी विणली नसेल, हे सांगायला नको.

पान उलगडण्यापूर्वीच कोंब कापतात. त्याच्या नखाने चिरून बारीक पट्ट्या करतात, त्या उकळतात, सावलीत वाळवतात, गंधकाची धुरी देऊन पांढऱ्या करतात. विणायला सुरुवात होते ती माथ्याच्या मध्यबिंदूपासून. तेथून वर्तुळामागून वर्तुळ बाहेर जाते. मोंतेक्रिस्तीचा विणकर लाकडी ठोकळ्यावर छाती टेकून, वाकून तासन्‌तास विणतो. धागा कोरड्या हवेत तुटतो म्हणून कामाची वेळ पहाटेची किंवा रात्रीची. साधी हॅट एका दिवसात होते. उत्तम हॅटला आठ महिनेही लागतात. आठ महिने छाती ठोकळ्यावर! गिरणीत पाळी करणाऱ्या आमच्यासारख्यालाही हे वाचून थोडा वेळ पान उलटवेना.

मग पनामाचे नाव कुठून आले? बाजारातून. १८४९ साली कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून निघालेले हजारो लोक पनामाची चिंचोळी पट्टी ओलांडून पलीकडचे जहाज धरीत. डोक्यावर विषुववृत्ताजवळचे ऊन; वाटेत बंदरावर विक्रीला इक्वेडोरहून आलेल्या हॅट. ज्याने जिथे घेतली त्या ठिकाणाचे नाव त्याने घरी नेले. पुढे १९०४ ते १९१४ या काळात अमेरिकेने पनामाचा कालवा खणला, आणि १९०६ च्या नोव्हेंबरात अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट तो पाहायला गेले. पदावर असताना देशाबाहेर जाणारे ते पहिले अमेरिकन अध्यक्ष. पांढरा पोशाख, डोक्यावर हॅट, बसलेले वाफेच्या अजस्र खोदयंत्रावर, असे त्यांचे छायाचित्र जगभर गेले आणि ते नाव पक्के झाले.

त्या छायाचित्राच्या चौकटीबाहेर कोण होते, हे विचारणे आमच्या धंद्याचा भाग आहे. कालवा खणणारे बहुसंख्य मजूर बार्बाडोस, जमैका इत्यादी वेस्ट इंडीजच्या बेटांवरून आणलेले काळे लोक होते. पगाराच्या याद्या दोन: एक ‘सोन्याची’, दुसरी ‘चांदीची’. गोऱ्या अमेरिकन कारागिराला सोन्याच्या नाण्यांत पगार. काळ्या मजुराला चांदीच्या. पगारापुरतेच हे थांबले नाही; राहण्याच्या जागा, दुकाने, शाळा, सगळे त्याच दोन नावांनी विभागले गेले. अमेरिकन अमदानीतल्या त्या दहा वर्षांत रोगाने आणि अपघाताने ५,६०९ माणसे मेल्याची नोंद आहे. ऊन दोन्ही याद्यांवर सारखेच पडत होते.

मोंतेक्रिस्तीनेही एक माणूस इतिहासाला दिला. एलॉय आल्फारो, जन्म १८४२, बाप गवती हॅटचा व्यापारी. या व्यापारातला पैसा आल्फारोने उदारमतवाद्यांच्या बंडाला पुरवला. १८९५ साली तो सत्तेवर आला. किनाऱ्यावरच्या ग्वायाकिलपासून डोंगरातल्या किटो राजधानीपर्यंत रेल्वे त्याच्याच कारकिर्दीत, १९०८ साली पोहोचली. १९१२ च्या जानेवारीत त्याच किटोमध्ये जमावाने त्याला ठार मारले. असो, तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

आमचे मन रेंगाळले ते कुएंका शहराच्या परिसरात. हा भाग अँडीज पर्वतात, सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर. इथे तोकिया उगवत नाही. तरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इथल्या गरीब शेतकरी कुटुंबांना हे विणकाम शिकवण्यात आले. गवत किनाऱ्यावरून यायचे, ते व्यापाऱ्याकडून विकत घ्यायचे. बाया मेंढरे राखताना, वाटेने चालतानाही विणीत. आणि तयार हॅट दलालाच्या पदरात टाकायची. तो निर्यातदाराला देई, निर्यातदार न्यूयॉर्कला पाठवी. कच्चा माल दुसऱ्याचा, गिऱ्हाईक दुसऱ्याचे, मधले बोटांचे काम तेवढे आपले. विडी कामगारांत ज्यांनी काम केले आहे त्यांना हे चित्र नवे नाही: पान मोजून मिळते, विडी मोजून जाते आणि ‘छाट’ म्हणून किती बाजूला काढायच्या ते मालकाचा माणूस ठरवतो. बाजाराच्या वाटेवर विणकरणीला गाठून भाव पाडणाऱ्या त्या दलालांना तिथले लोक एका शब्दाने ओळखत: ‘पेर्रोस’, म्हणजे कुत्रे. आम्ही इतकी वर्षे भाषणे केली, पण इतका नेमका शब्द आम्हांला सापडला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही हॅट इक्वेडोरच्या प्रमुख निर्यातींपैकी एक होती. मग पुरुषांची हॅट घालण्याची रीत मागे पडली, स्वस्त कागदी हॅट आल्या (आमच्या साठ हॅटची पूर्वज मंडळी!), आणि १९५० नंतर हजारो घरांचे काम गेले. कुएंकाकडचे लोक पोटासाठी परदेशी निघाले. त्यांतले पुष्कळसे न्यूयॉर्कला, ज्या वाटेने पूर्वी हॅट जात त्याच वाटेने. २०१२ साली युनेस्कोने या विणकामाला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान दिला. मान मिळाला हे चांगलेच झाले. विणकराच्या पदरात किती पडते हा प्रश्न त्या यादीत येत नाही.

आता निवडीविषयी. आपल्याकडे साहेबाची जी सोला हॅट होती ती गवताची नव्हे, भेंडाची. ज्या भेंडाची आपण बाशिंगे करतो तसल्याची. कोकणातले इरले पावसाचे. उन्हासाठी आपला मजूर मुंडासे बांधतो, आणि ते वाईट नाही. पण कान, गाल, मानेचा मागचा भाग उघडा राहतो. म्हणून काठ चहूकडून निदान चार बोटे रुंद हवा. पुढेच झाप असलेली टोपी उपयोगाची नाही. हॅट उजेडासमोर धरून पाहावी. भोकांतून उजेड डोळ्यांत आला, तर ऊनही कातडीवर येणार. मध्यबिंदूपासून वीण निघाली आहे की पट्ट्या शिवून आकार दिला आहे ते पाहावे. एक कोपरा थुंकीने ओला करून चोळावा; कागद असेल तर लव सुटते. माथा इतका उंच असावा की डोके आणि हॅट यांत हवा खेळेल. वाऱ्यासाठी गळ्याखाली नाडी लावावी. काठाच्या खालचा रंग गडद असला तर खालून उलटणारी झळाळी कमी लागते, हे डांबरावर काम करणाऱ्यांना सांगावे लागत नाही.

इक्वेडोरची हॅट आमच्या आवाक्यातली नाही. म्हणून यंदा फाल्गुनात आम्ही शिंदीच्या पानांच्या चटया विणणाऱ्या एका वस्तीवर गेलो आणि काठाचे माप दाखवून नमुना करून घेतला. एका म्हाताऱ्या मावशींनी दोन दिवसांनी तो आणून दिला. उजेडासमोर धरला, थुंकी लावली, खोट सापडेना. किंमत विचारली. त्यांनी सांगितली. आणि आमच्या तोंडून निघून गेले, “जरा जास्त होतात, मावशी.”

त्यांनी नमुना मांडीवर ठेवला आणि विचारले, “भाऊ, तुमचा मजूर दिवसाला काय घेतो?”

आम्ही आकडा सांगितला. किमान वेतनासाठी त्याच आकड्यावर आम्ही सात महिने भांडलो होतो.

“मला एका टोपीला दीड दिवस लागतो,” त्या म्हणाल्या.

त्यांनी सांगितलेल्या दरानेच मागणी नोंदवली. ठरलेल्या पैशांत साठ बसल्या नाहीत, पंचवीसच बसल्या. त्या आधी पिंपाजवळच्यांना द्यायच्या असे ठरले आहे. उरलेल्या पस्तिसांसाठी ठेकेदाराकडे पुन्हा अर्ज दिला असून बोलणे येत्या सोमवारी आहे.