गोडबोल्यांची गौळण

ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’मध्ये (1924) एक चहापान आहे. पाहुणे निघायच्या बेतात असताना प्राध्यापक नारायण गोडबोले गाऊ लागतात. गाणे संपल्यावर ते अर्थ सांगतात: आपण गवळण झालो, कृष्णाला बोलावले, कृष्ण आला नाही. दुसऱ्या एखाद्या गाण्यात तरी तो येत असेल ना, असे एक वृद्ध इंग्रज बाई विचारते. नाही, तो येत नाही.

या गाण्यापाशी बीड जिल्ह्यातल्या गेवराईचा किंवा धारूरचा वाचक अडणार नाही. सप्ताहात टाळ घेऊन उभा राहिलेला शेतकरी एकनाथांची गौळण म्हणतो तेव्हा तो बाईच्या तोंडून बोलत असतो आणि ऐकणाऱ्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. क्विअर वाचनाची सुरुवात आपल्याला इथूनच करता येते.

‘क्विअर’ हा शब्द इंग्रजीत शिवी म्हणून वापरत. ज्यांना ती दिली जाई त्यांनीच पुढे तो उचलला आणि अभिमानाने मिरवला. लेखकाच्या खाजगी आयुष्यात डोकावून ‘तो तसला होता’ असा शेरा मारणे म्हणजे हे वाचन नव्हे. पुरुष आणि बाई, मैत्री आणि प्रेम यांच्या ठरलेल्या चौकटींत न मावणारे काय काय लेखनात आले आहे आणि ते कोणत्या वेषात आले आहे, ते पाहायचे. लेखक जिथे गप्प बसला तिथे आपण थांबायचे.

फॉर्स्टरला गप्प बसायला कारण होते. 1895 साली लेखक ऑस्कर वाइल्डला पुरुषांशी असलेल्या संबंधांवरून दोन वर्षांची सक्तमजुरी झाली, तेव्हा फॉर्स्टर सोळा वर्षांचा होता. दोन पुरुषांच्या प्रेमाची ‘मॉरिस’ ही कादंबरी त्याने 1913 मध्ये लिहायला घेतली. तिचा शेवट सुखाचाच करायचा, हे त्याने पक्के ठरवले होते. पण ती छापून आली 1971 साली, त्याच्या मृत्यूनंतर. अशा संबंधांना गुन्हा ठरवणारा आपला कायदा इंग्लंडने 1967 मध्ये बदलला. इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत आपल्यासाठी घातलेले कलम 377 मात्र सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी सैल करेपर्यंत टिकले.

फॉर्स्टरचे प्रेम सर सय्यद अहमद खान यांचे नातू सय्यद रॉस मसूद यांच्यावर होते. मसूद यांच्याकडून तसे प्रेम परत मिळाले नाही, मैत्री मात्र अखेरपर्यंत टिकली. ‘अ पॅसेज टू इंडिया’ त्यांनाच अर्पण केलेली आहे. हेच मसूद 1916 ते 1928 या काळात निजाम सरकारच्या शिक्षण खात्याचे प्रमुख होते, म्हणजे त्या वर्षांत बीडच्या सरकारी शाळाही त्यांच्याच खात्याखाली चालत. 1913 च्या वसंतात फॉर्स्टर औरंगाबादला मसूद यांच्या मित्राकडे उतरला होता. वेरूळ, दौलताबाद त्याने तेव्हाच पाहिले. बीड त्या वेळी औरंगाबाद सुभ्यातच होते. ‘इंग्रज लेखक’ म्हणून अभ्यासक्रमात भेटणारा हा माणूस आपल्याला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ जवळून गेला आहे.

1921 मध्ये तो देवास संस्थानचे महाराज तुकोजीराव पवार यांचा खाजगी चिटणीस झाला. तिथली गोकुळाष्टमी कादंबरीच्या तिसऱ्या भागात आली आहे. तिथे कीर्तन चालते आणि तुकारामांचे नाव घेतले जाते. देवासची दुसरी एक आठवण त्याने छापली नाही, ती 1983 मध्ये बाहेर आली. दरबारातल्या कनया नावाच्या न्हाव्याशी आलेल्या संबंधांची ती हकिगत आहे. तो न्हावी महाराजांच्या पदरी होता, त्याला ‘नाही’ म्हणायची सोय कितीशी होती? फॉर्स्टरची घुसमट आपण जेवढ्या आस्थेने वाचतो, तेवढ्याच आस्थेने कनयाची बाजूही वाचली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. जात आणि चाकरी बाजूला ठेवून केलेले क्विअर वाचन मराठवाड्यात तरी अर्धेच राहील. कनयाने स्वतः काहीच लिहून ठेवलेले नाही, म्हणून त्याच्यासाठी वाचकाने जास्त वेळ थांबायचे.

नव्याने येणाऱ्याला माझे सांगणे एवढेच की तिसरा भाग आधी वाचा, आणि मोठ्याने वाचा. गोडबोले तिथे पुन्हा भेटतात, पायांत काही न घालता, टाळकऱ्यांच्या मेळ्यात नाचताना. मग मागे चहापानाकडे या आणि ते गाणे ऐका. त्यानंतर शेवटचे पान उघडा. डॉक्टर अझीझ आणि त्यांचा इंग्रज मित्र फील्डिंग घोड्यांवर आहेत. दोघांनाही एकमेकांचे व्हायचे आहे, आणि घोडे वेगवेगळ्या वाटांना लागतात.