दिनविशेष : १४ डिसेंबर

१९७७ : कवी ग. दि. माडगूळकर (गदिमा) यांचे निधन. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, त्यांचे गीतरामायण सुरू झाले. शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडके ऊर्फ बाबूजी यांचे, कल्पना सीताकांत लाड यांची. आठवड्याला एक, अशी ५६ गीते. पहिल्याच गीताचा कागद ऐनवेळी हरवला आणि लाडांनी गदिमांना खोलीत बसवून ते पुन्हा लिहून घेतले, असे सांगतात. अनेक घरांत प्रक्षेपणाआधी रेडिओला हार घातला जाई. इगतपुरीच्या डिसेंबरातल्या थंडीत रेडिओभोवती बसलेली जुनी माणसे ते सूर अजून ओळखतील. गदिमा गेल्यावर बाबूजी स्वतः २००२ मध्ये जाईपर्यंत २५ वर्षे मित्राचे शब्द गात राहिले. वेगळी शोकसभा कशाला हवी होती?