ऐकू येणारा प्रकाश

चंद्रकुमार नारणभाई पटेल. जन्म १९३८, बारामती. एवढं मोठं नाव, पण आपल्या बायकांच्या बैठकीत कधी निघत नाही. १९५८ साली पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले, आणि १९६४ साली बेल लॅब्जमध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारा लेसर तयार केला. आज पत्रा कापायला वापरतात, शस्त्रक्रियेतही वापरतात, तो हाच. त्याचा प्रकाश अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. तरंगलांबी १०.६ मायक्रॉन.

हवा अशा प्रकाशाला सरसकट वाट देत नाही. बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड आपापले ठरावीक तरंग गिळतात. वायू अवरक्त उष्णता शोषतात, हे टिंडॉल यांनी १८५९ पासून मोजायला घेतलं होतं. ८ ते १४ मायक्रॉनच्या मधे मात्र खिडकी बरीच उघडी असते, म्हणून या लेसरचा प्रकाश लांब जातो. पण मला मोल वाटतं ते उलट बाजूचं: कुठला तरंग किती गिळला गेला हे कळलं, की हवेत कुठला वायू किती आहे तेही कळतं. आपल्या घरांत पाणी गाळून पाहायची रीत आहे. हवा अशी प्रकाशाने गाळायची!

त्याची गरज लवकरच पडली. आवाजापेक्षा वेगाने उडणारी विमानं खूप उंचावर नायट्रिक ऑक्साइड सोडतील आणि त्याने ओझोन खाल्ला जाईल, अशी धास्ती १९७० नंतर शास्त्रज्ञांनी बोलून दाखवली. ओझोन विरळ झाला तर उन्हातले घातक किरण थेट आपल्या अंगावर. पण मुळात तिथे हा वायू आहे किती?

पटेल आणि सहकाऱ्यांनी बलून २८ किलोमीटरवर पाठवला. आतल्या लेसरची तरंगलांबी चुंबकाची ताकद कमीजास्त करून नेमकी जुळवता येई. नळीतल्या हवेतल्या नायट्रिक ऑक्साइडने प्रकाश गिळला, की हवा किंचित तापून फुगे आणि बारीकसा आवाज होई. तो मायक्रोफोन टिपे. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेल यांना १८८० सालीच ही गंमत सापडली होती. १९७४ साली मोजणी छापून आली. सूर्योदयापूर्वी वायू अगदी थोडा, दुपारपर्यंत कितीतरी जास्त. रात्री तो ओझोनशी मिळून नायट्रोजन डायऑक्साइड होतो, आणि ऊन लागलं की पुन्हा सुटतो.