‘उर्दू’ची अक्षरे किती?

आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मुले दोन लिप्या गिरवतात. 1991 साली भारतीय मानक ब्यूरोने ठरविलेल्या ‘इस्की’ संकेतावलीत देवनागरी होती, उर्दू लिपी नव्हती. त्याच वर्षीच्या युनिकोडने दोघींना जागा दिली.

तरी पायथन 2 ही संगणकभाषा युटीएफ-8 मधील साध्या मजकुराचे बाइट मोजी : ‘मराठी’चे 15, उर्दू लिपीतील ‘उर्दू’चे 8. नाव मध्येच कापले की अक्षर फुटे. 2008 च्या पायथन 3 मध्ये उत्तरे आली 5 आणि 4. (अलिफ, रे, दाल, वाव हे बरोबर, ‘मराठी’त मात्र काना, वेलांटी वेगळी धरली!)

पण जुने प्रोग्राम अडले. लिनक्सवर दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून, कोणती हवी ते प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत लिहीत. 2020 च्या आरंभी पायथन 2 ची अधिकृत देखभाल थांबली.